ऑनलाइन लिलावातील नवखा विक्रेता

ज्या विक्रेत्याच्या पूर्वीच्या व्यवहारांची लिलावाच्या संकेतस्थळावर नोंदच नाही, किंवा असलेली नोंद अगदीच तुटपुंजी आहे, त्याला ऑनलाइन लिलावातील नवखा विक्रेता म्हणतात. अशा विक्रेत्याच्या वस्तूवर बोली लावावी की नाही, आणि लावल्यास किती रकमेची, हा ऑनलाइन लिलावाच्या आरंभापासून चालत आलेला प्रश्न आहे. नवखा विक्रेता बहुधा प्रामाणिकच असतो. परंतु पळ काढण्याच्या बेताने आलेला ठकही पहिल्या दिवशी नवखाच दिसतो. या दोघांतील भेद बोलीदाराला कोणत्या खुणांवरून करता येतो, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

पेठेतील व्यवहारात विक्रेत्याची पत ही त्याच्या घराण्यावरून, दुकानाच्या जागेवरून आणि शेजारच्या व्यापाऱ्यांच्या शब्दावरून ठरत असे. बाजार समितीच्या उघड लिलावात शेतमाल समोर असतो, तो हाताळून पाहता येतो आणि व्यवहारात अडत्या मध्यस्थ असतो. ऑनलाइन लिलावात यांपैकी काहीच नसते. वस्तू छायाचित्रात दिसते, विक्रेता टोपणनावाने वावरतो आणि पैसे बहुधा आधी द्यावे लागतात.

या परिस्थितीचे मूलभूत विवेचन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली, म्हणजे इंटरनेटच्या व्यापाराच्या कितीतरी आधी, जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले होते. मोटार चांगली की खराब हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. त्यामुळे ग्राहक सरसकट बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नाही म्हणून चांगले विक्रेते बाजारातून निघून जातात आणि खराब माल मागे उरतो. याच परंपरेतील मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली असे दाखवले की, प्रामाणिक माणसाला स्वस्त पण लबाडाला महाग पडणारी एखादी कृती असेल, तर तिच्यावरून दोघांना वेगळे ओळखता येते. अ‍ॅकरलॉफ, स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नवख्या विक्रेत्याची पारख करताना स्पेन्स यांचे सूत्र विशेष उपयोगी पडते.

अभिप्राय पद्धती

पिअर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९९७ पासून ते ‘ईबे’ या नावाने ओळखले जाते. ग्राहक-विक्रेत्यांची भांडणे सोडवणे एकट्याच्या आवाक्यातले नाही हे ध्यानात आल्यावर ओमिद्यार यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये व्यवहारानंतर परस्परांना जाहीर अभिप्राय देण्याची सोय केली. चांगल्या अभिप्रायाला अधिक एक, वाईटाला उणे एक आणि तटस्थाला शून्य, अशी ही साधी बेरीज होती. पुढे निघालेल्या बहुतेक बाजार-संकेतस्थळांनी याच कल्पनेचा कोणता ना कोणता अवतार स्वीकारला.

पद्धतीतील दोष लवकरच दिसू लागले. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहॉझर यांनी १९९९ मधील ईबेवरील व्यवहार तपासले, तेव्हा सुमारे ५२ टक्के व्यवहारांतच ग्राहकांनी अभिप्राय दिल्याचे आणि त्यांतील वाईट व तटस्थ अभिप्राय मिळून एक टक्क्याच्या आत असल्याचे आढळले. हे प्रमाण इतके कमी असण्यामागे सगळे विक्रेते सज्जन होते एवढेच कारण मानता येत नाही. ग्राहकाने वाईट लिहिले की विक्रेताही त्याच्याविषयी वाईट लिहून सूड उगवू शकत असे. त्या धाकाने अनेक जण गप्प राहत. मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट अभिप्राय देण्यास मनाई केली. तात्पर्य, आकडा मोठा असला तरी त्यात न बोललेल्या तक्रारी मोजलेल्या नसतात.

अभिप्राय विकत किंवा आपापसांत मिळवण्याचे प्रकारही घडतात. नाममात्र किमतीच्या वस्तूंची देवघेव करून गुण वाढवायचे आणि मग महागड्या वस्तू मांडायच्या, ही त्यांतील नेहमीची रीत.

नवखेपणाची किंमत

रेझनिक, झेकहॉझर आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. जुनी चित्र-पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या ईबे-विक्रेत्याने सारख्याच प्रतीची पोस्टकार्डे काही आपल्या प्रसिद्ध नावाने, तर काही नव्याने उघडलेल्या खात्यांवरून विकली. माल तोच आणि माणूसही तोच. तरीही जुन्या नावाला ग्राहक सुमारे ८.१ टक्के अधिक किंमत द्यायला तयार झाले. हा फरक म्हणजे प्रामाणिक नवख्याला भरावा लागणारा भुर्दंड होय. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात नव्या विक्रेत्याच्या नावावर एक-दोन वाईट अभिप्राय असल्याने किमतीत फरक पडलेला दिसला नाही.

एरिक फ्रीडमन आणि रेझनिक यांनी २००१ मध्ये या भुर्दंडाचे कारण मांडले होते. नवे टोपणनाव फुकट मिळत असेल, तर नाव खराब झालेला माणूस ते टाकून पुन्हा नवखा होऊ शकतो. म्हणून समाज प्रत्येक नवागताकडे थोड्या संशयाने पाहतो आणि त्याची झळ निरपराध्यांनाही बसते. हे अन्याय्य असले तरी निष्कारण नाही.

विश्वास ठेवण्याचा निर्णय

बोलीदार प्रथम आकडा पाहतो, पण आकड्याहून त्याची घडण अधिक बोलकी असते. मिळालेले अभिप्राय खरेदीदार म्हणून आहेत की विक्रेता म्हणून, आणि कोणत्या मालासाठी, हे उघडून पाहावे लागते. लुइस काब्राल आणि अली होर्ताच्सु यांच्या २०१० मधील अभ्यासात ईबेवरील अनेक विक्रेत्यांची सुरुवात खरेदीदार म्हणून झाल्याचे दिसले. तेव्हा चार वर्षे टपाल तिकिटे विकत घेणारा माणूस प्रथमच आपला संग्रह विकायला काढतो, यात वावगे काही नाही. याउलट, मोबाइलची पन्नास आवरणे विकलेले खाते एकदम दहा महागडे कॅमेरे मांडते, किंवा कित्येक वर्षे निपचित असलेले खाते अचानक जागे होते, तेव्हा ते खाते चोरीस गेले असण्याचीही शक्यता असते.

दुसरी कसोटी विक्रेत्याला नेमके काही मागण्याची. घड्याळ असेल तर मागचे झाकण उघडून काढलेले छायाचित्र, पुस्तक असेल तर मुद्रणाचा तपशील असलेले पान, नाणे असेल तर त्याची कड आणि तराजूवरील वजन. ज्याच्या हाती वस्तू खरोखर आहे त्याला हे पाच मिनिटांचे काम. दुसऱ्याचे छायाचित्र उचलून लावणाऱ्याला मात्र ते जवळपास अशक्य. स्पेन्स यांचे सूत्र ते हेच. अडाणी पण प्रामाणिक विक्रेत्याचे उत्तर कधी उशिरा आणि ओबडधोबड येते, पण त्यात वस्तूविषयी काही तरी नवे असते. ‘माल उत्तम आहे, निश्चिंत राहा’ एवढ्यावर भागवणाऱ्याने प्रश्न टाळलेला असतो. हीच कसोटीही आता निर्विवाद राहिलेली नाही, कारण संगणकाने बनवलेली छायाचित्रे सहज मिळू लागली आहेत. म्हणून वस्तूजवळ हाताने लिहिलेली तारीख ठेवून दोन-तीन कोनांतून घेतलेली चित्रे मागितली जातात.

नवखा आहे म्हणून बोली कमी लावावी, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पाच हजार रुपयांची वस्तू दहांत एकदा हाती पडणार नाही असे वाटत असेल, तर हिशेबाने साडेचार हजारांच्या वर जाऊ नये, हे ठीक. परंतु ही सूट वर्णनातील चूक, सदोष बांधणी, विलंब अशा गोष्टींची भरपाई करते; फसवणुकीची नाही. ज्याला वस्तू द्यायचीच नाही त्याला कोणतीही बोली परवडते, आणि बाजारभावाहून फार खाली मिळणारी वस्तू हा तर गळाला लावलेला मासा असतो.

खरा आधार पैसे देण्याच्या मार्गाचा असतो. चीनमधील ‘ताओबाओ’च्या वाढीत ‘अलीपे’च्या योजनेचा मोठा वाटा आहे: ग्राहकाची रक्कम तिऱ्हाइताकडे थांबते आणि माल पोचल्याची खात्री झाल्यावर विक्रेत्याला मिळते. ईबेची पैसे परत मिळण्याची हमीही मुदतीच्या आत आणि संकेतस्थळावरूनच पैसे दिले असतील तरच लागू होते. त्यामुळे ‘थेट खात्यात भरा, कमिशन वाचेल’ असे विक्रेता म्हणू लागला की त्याच्या बाकीच्या सर्व चांगल्या खुणा निरर्थक ठरतात. हरलेल्या बोलीदाराला ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, वस्तू तुम्हालाच देतो, बाहेरून पैसे पाठवा’ असा संदेश येणे हा याच जातीचा परिचित सापळा आहे. संदेश पाठवणारा अनेकदा मूळ विक्रेता नसतोही.

नवखेपणाचे सोंगही घेतले जाते. मे २००० मध्ये ईबेवर एका अमूर्त चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढली. विक्रेत्याने स्वतःला चित्रकलेतले काही न कळणारा संसारी गृहस्थ भासवले होते आणि ते चित्र रिचर्ड डिबेनकॉर्न यांचे असावे असा ग्राहकांचा समज झाला. विक्रेता वास्तविक कॅलिफोर्नियातील वकील होता. त्याने व साथीदारांनी बनावट बोली लावून किंमत चढवल्याचे उघड झाले, विक्री रद्द झाली आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

भारतातील स्थिती

भारतात ‘बाझी डॉट कॉम’ हे मुंबईतील लिलाव-संकेतस्थळ ईबेने २००४ साली विकत घेतले. ‘पैसापे’ ही त्याची पैसे देण्याची व्यवस्था होती. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. सामान्य मालाची खरेदी आता ठरीव किमतीलाच होते. लिलावाची पद्धत नाणी, टपाल तिकिटे व जुन्या वस्तूंच्या संग्राहकांत टिकून आहे. शिवराई नाण्यांच्या आणि विशेषतः शिवकालीन सोन्याच्या होनांच्या बनावट प्रती बऱ्याच फिरतात, त्यामुळे तेथे विक्रेत्याइतकीच वस्तूचीही पारख लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात व खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशस्थ मराठी संग्राहकाला भारतातून असे नाणे पाठवण्याची तयारी दाखवणारा विक्रेता केवळ त्या तयारीमुळेच संशयास्पद ठरतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बाजार-संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्काची माहिती ग्राहकाला दिसेल अशी ठेवणे बंधनकारक आहे, आणि विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. मात्र नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक रीतीने एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. आजोबांचे घड्याळ विकणारा खरा नवखा नेमका याच कक्षेबाहेर राहतो. फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत. १९३० वर तक्रार जितकी लवकर नोंदवली जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.