जीपगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याला देवळांमुळे ठाऊक झालेला आहे. गाभारा गळू लागला, सभामंडपाचे वासे कुजले, की गावकरी वर्गणी काढतात आणि देऊळ पुन्हा उभे करतात. तोच शब्द एखाद्या मोटारगाडीला, त्यातही चिखलातून ओझी वाहणाऱ्या जीपला लावावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु जुन्या जीपा शोधून, त्या पार सुट्या करून, कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या करण्याचा नाद अलीकडे पुष्कळांना लागलेला आहे. त्यातून जो प्रश्न निघतो तो केवळ मोटारींच्या शौकिनांचा नाही, इतिहासाचाही आहे. गाडी 'नव्यासारखी' करावयाची, म्हणजे नेमकी कोणत्या दिवसासारखी?

उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, जुलै १९४० मध्ये, अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली. नमुना तयार करण्यास मुदत होती अवघी ४९ दिवसांची. बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्यापुढे उभी केली. परंतु लाखांनी गाड्या काढण्याची बँटमची ऐपत नव्हती. ते काम विलीज आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या.

यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. फोर्डने गाड्या काढल्या त्या विलीजच्या आराखड्याबरहुकूम. हेतू हा, की रणांगणावर एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवता यावा. फोर्डने आपल्या पुष्कळशा भागांवर, बोल्टांवरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उठवले होते. आजही जीर्णोद्धार करणारे लोक भिंग घेऊन ते अक्षर शोधतात. पण मुळात ही गाडी भागांची अदलाबदल व्हावी म्हणूनच जन्माला आली होती. तेव्हा तिचा प्रत्येक बोल्ट जन्मापासून तिच्याच अंगावर असावा हा आग्रह तिच्या स्वभावाशी थोडा विसंगतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशात जीप दोन वाटांनी आली. एक वाट युद्धाची. सैन्य परतले आणि त्याच्यामागे राहिलेल्या गाड्या 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकल्या गेल्या. दुसरी वाट उद्योगाची. के. सी. महिंद्र हे युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला होते. जीपला ६० अश्वशक्तीचे इंजिन देणारे विलीजचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी त्यांचा तेथे परिचय झाला. १९४५ साली त्यांच्या कंपनीची स्थापना झाली आणि १९४९ साली मुंबईत माझगावला, सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. पुढे हे काम कांदिवलीला गेले. विरारची गाडी पकडून रोज मुंबईला जाणाऱ्या आपल्या लोकांना हे स्थानक तोंडपाठ आहे. जीपचे हिंदुस्थानी माहेर आपल्याच लोहमार्गावर आहे, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात येते.

आपल्याकडे सर्वांत परिचित झालेली जीप म्हणजे उंच बॉनेटची 'सीजे-थ्री-बी'. तिच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूला गेल्या, इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून बॉनेटही वर चढले. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे तोच चेहरा पुढे कित्येक दशके चालू राहिला. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पाठोपाठ खेड्यापाड्यांत जीप दिसू लागली. गावच्या वेशीवर धुळीचा लोट दिसला, की साहेब आले असे लोक समजत. सरकारी कामातून निघालेल्या गाड्या लिलावात जात आणि तेथून वाडीवाल्यांच्या व ठेकेदारांच्या दारी येत. म्हणजे एकाच गाडीला दोन-तीन जन्म मिळत.

या जन्मांच्या खुणा लोखंडावर राहतात. अमेरिकन सैन्याच्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे असे. आपल्या रस्त्यांसाठी ते पुष्कळदा उजवीकडे नेले गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, पेट्रोल पिणारे इंजिन परवडेना, तेव्हा अनेकांनी ते काढून डिझेलचे बसवले. पुढे १९८० नंतरच्या दशकात कंपनीनेही प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन आपल्या जीपांत घातले. कोठे मागची बाके लांबवली, कोठे छप्पर चढवले. ही सारी मोडतोड आहे असे शौकीन म्हणतो. आम्ही म्हणतो, हा आपल्या लोकांच्या गरजांचा दप्तरखाना आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वसई-विरारकडे जीपचा खरा शत्रू खारा वारा. समुद्र आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात पत्रा बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून अधिक खाल्लेला असतो. चासीचे पोकळ भाग आतून गंजतात. वरून रंगाचा हात दिला तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतात. म्हणून जाणता मिस्त्री आधी बॉडी उतरवतो, चासी उघडी करतो, वाळूच्या माऱ्याने गंज झाडतो, चौकट सरळ आहे की वाकली आहे हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे माप घेऊन पाहतो, आणि मगच ठिगळ की नवा पत्रा हे ठरवतो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक गाळ्यांमुळे कातकाम आणि पत्र्याचे काम करणारे हात आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. अडचण हातांची नाही, निर्णयाची आहे. आज जीपची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. ती चढवली, इंजिन बदलले, चाके बदलली, तर गाडी नव्यासारखी होईल हे खरे. पण मग जुनी उरली ती काय? क्रमांकाची पट्टी!

कायद्यानेही हा प्रश्न आता ऐरणीवर आणला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. हेतू स्तुत्य आहे. पण वाडीतल्या जीपचे काय? डिझेल इंजिन ठेवावे तर ती मूळ स्वरूपातली नव्हे. काढून टाकावे तर ज्या इंजिनावर एका कुटुंबाने वीस-पंचवीस वर्षे संसार चालवला ते भंगारात जाणार.

येथे आपला वसईचा किल्लाच आपल्याला वाट दाखवू शकतो. त्याच्या तटात पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष आहेत, नागेश्वराचे देऊळ आहे, आणि १७३९ चा विजय मिळवणाऱ्या चिमाजी आप्पांचे स्मारकही आहे. उद्या कोणी म्हणाले, की किल्ला 'नव्यासारखा' करू, तर आपण प्रथम विचारू: कोणाच्या काळातल्यासारखा? पोर्तुगीजांच्या, की मराठ्यांच्या? एका काळासाठी दुसरा पुसणे आपल्याला रुचणार नाही. जीप लहान, किल्ला मोठा. पण न्याय एकच.

याचा अर्थ गंजलेली जीप गंजतच राहू द्यावी असा मुळीच नाही. न चालणारी जीप ही जीप नव्हे. जी गाडी युद्धातून आली आणि जिचे मूळ भाग बहुतांशी शाबूत आहेत, ती खुशाल मूळ रूपाला न्यावी. पण जिचे आयुष्य वाडीत आणि बाजारात गेले, ती त्या आयुष्यासकट दुरुस्त करण्यातही कमीपणा नाही. कोणताही मार्ग धरला, तरी पाना हाती घेण्यापूर्वी एक वही करावी. गाडी कोठून आली, कोणाकडून कोणाकडे गेली, कोणते काम करी, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. जो भाग काढला तो का काढला, याची नोंद ठेवावी. आणि शक्य तर तो भागही जपावा. जुने नोंदणीपुस्तक तर दागिन्यासारखे सांभाळावे.

ही वही वर्षानुवर्षे गाडीबरोबर फिरली, तर नातवाच्या हाती नुसती चकचकीत जीप पडणार नाही. आजोबांनी ती कशी चालवली, कोणत्या वर्षी कशासाठी तिचे इंजिन बदलले, हेही त्याला कळेल. रंग पुन्हा देता येतो, पत्रा पुन्हा ठोकता येतो. सांगणारा माणूस गेला, की ती हकीकत मात्र कोणत्याही गॅरेजात पुन्हा घडवून मिळत नाही.