फोटो एकच, प्रती अनेक : वस्तीच्या फोटो-संग्रहातून दुबार फोटो कसे काढावेत

भीमजयंतीची मिरवणूक संपली की पुढचे दोन दिवस फोन वाजत राहतो. विहाराचा ग्रुप, महिला मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप. फोटो तोच, येण्याची वाट तेवढी वेगळी. मीरा रोड आणि भाईंदरमधल्या उपासक-उपासिकांकडचे जुने-नवे फोटो एका ठिकाणी जमवण्याचे काम आम्ही काही कार्यकर्ते करीत आहोत. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. हार्ड डिस्क भरत होती, पण संग्रह वाढत नव्हता.

दुबार फोटो काढणे हे निव्वळ जागा वाचवण्याचे काम नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये टाकलेले फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात आणि ती जागा जीमेल व ड्राइव्हसकट एकच आहे, हे खरे. पण त्याहून मोठा प्रश्न कोणती प्रत राहते हा आहे. आपल्या समाजाचा बराचसा इतिहास सरकारी दप्तरात नाही, तो घरातल्या अल्बममध्ये आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावर राहणाऱ्यांचे अल्बम भिजले. कोणाची धम्मदीक्षा, कोणाचे आंतरजातीय लग्न, कोणाचा मोर्चा आता फक्त कोणीतरी मोबाइलने काढलेल्या ‘फोटोच्या फोटोत’ शिल्लक आहे. तीच धूसर प्रत ‘डुप्लिकेट’ म्हणून पुसली गेली तर मागे काहीच उरत नाही.

दुबार म्हणजे नेमके काय

तंतोतंत दुबार म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी पडलेली. नाव वेगळे असले तरी आतला मजकूर अक्षरशः सारखा असतो. संगणक अशा फाइली ‘हॅश’ काढून ओळखतो. शा-२५६ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, तिच्यापासून ६४ अक्षर-अंकांची खूण तयार होते. दोन खुणा जुळल्या तर फाइली एकच आहेत असे मानायला हरकत नाही. येथे डोळ्यांनी तपासण्याची गरज नसते आणि निम्मे काम येथेच होते.

खरी डोकेदुखी ‘जवळपास सारख्या’ फोटोंची. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो, त्याचा दर्जा उतरतो आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती गळून पडते. कोणी तो साठवून पुन्हा पाठवला की आणखी उतरतो. एकाही प्रतीचा हॅश दुसऱ्याशी जुळत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर चित्र अगदी लहान करते. एका पद्धतीत ९ गुणिले ८ ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र करून शेजारशेजारचे ठिपके उजळ की गडद एवढेच नोंदवतात. त्यातून ६४ ‘हो-नाही’ मिळतात. दोन फोटोंच्या नोंदींत फरक थोडाच असेल तर ते सारखे धरतात. किती फरक चालेल हे आपण ठरवायचे. ही मर्यादा सैल ठेवली तर एकाच मंचावरची दोन वेगवेगळी भाषणेही सॉफ्टवेअर एक समजते.

तिसरा प्रकार कापलेल्या आणि रंगवलेल्या प्रतींचा. राजगृहावरचा फेब्रुवारी १९३४ मधला बाबासाहेबांचा कौटुंबिक फोटो घ्या. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. फिरणाऱ्या कित्येक प्रतींत मात्र फक्त बाबासाहेब आणि रमाई उरतात, तेही रंग भरून, मागे निळे आकाश लावून. अशी रंगीत प्रत पिक्सेलने मोठी आणि एमबीने जड असू शकते. ‘मोठी ठेवा, लहान काढा’ हा नियम डोळे झाकून लावला तर लक्ष्मीबाई आणि मुकुंद कचरापेटीत जातात.

आम्ही हीच चूक केली. एका घरातून धम्मदीक्षेच्या फोटोच्या दोन प्रती आल्या होत्या. एक स्टुडिओतून ‘नवीन’ करून आणलेली, चकचकीत. दुसरी साधे स्कॅन, पण तिच्यात पांढरी कड होती आणि कडेवर पेनाने गाव व साल लिहिलेले होते. आकार पाहून आम्ही दुसरी पुसली, रिसायकल बिनही रिकामे केले. कागदी फोटो तोवर गावी गेला होता. तो परत येऊन पुन्हा स्कॅन होईपर्यंत चार महिने गेले. तेव्हापासून आकारावर निर्णय घेणे बंद.

आमची कामाची रीत

आधी सगळ्याची एक पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतो. हे झाल्याशिवाय कोणी ‘डिलीट’ला हात लावायचा नाही. त्यानंतर कोणी दिले, कधी दिले या नावाचे फोल्डर. फोटो कोणाच्या घरातून आला हीसुद्धा माहितीच आहे. दुबार प्रत काढताना, हाच फोटो आणखी कोणाकोणाकडे होता ते एका वहीत लिहून ठेवतो.

संगणकावर डुपगुरू, च्कावका आणि डिजिकॅम ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. (च्कावका हा पोलिश शब्द, अर्थ उचकी. नाव लक्षात राहायला बरे.) पहिल्या दोहोंत एखादे फोल्डर ‘संदर्भ’ म्हणून नेमता येते. तुलना त्याच्याशी होते, पण त्यातली फाइल पुसली जात नाही. मूळ कॅमेऱ्यातले आणि आपण स्वतः स्कॅन केलेले फोटो या फोल्डरमध्ये ठेवावेत. तंतोतंत दुबार आधी काढावेत, जवळपास सारखे नंतर. तेही एकेका वर्षाचे किंवा कार्यक्रमाचे घेऊन, नाहीतर यादी पाहूनच माणूस थकतो आणि थकलेला माणूस ‘सिलेक्ट ऑल’ दाबतो.

तारखांबाबत सावध राहावे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप फोटोच्या फाइलच्या नावात जी तारीख असते, ती फोटो त्या फोनवर आल्याची किंवा त्यावरून गेल्याची असते, काढल्याची नव्हे. स्कॅनमधली तारीख स्कॅन केल्याची. १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षाभूमीचा फोटो २०२२ च्या फोल्डरमध्ये सापडतो तो यामुळेच.

फक्त फोनवरच काम करायचे असेल तर आयफोनमध्ये आयओएस १६ पासून फोटोजमध्ये ‘डुप्लिकेट्स’ असा अल्बम आहे. तेथे प्रती एकत्र केल्या की उरलेल्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस राहतात. अँड्रॉइडवर ‘फाइल्स बाय गुगल’ दुबार फाइली दाखवते. व्हॉट्सअ‍ॅपच्या इमेजेस फोल्डरमधले ‘सेंट’ हे उपफोल्डरही पाहावे. गॅलरीतून पाठवलेल्या फोटोंच्या उतरलेल्या प्रती तेथे साचतात. एक गोष्ट अनेकांना महागात पडते. बॅकअप चालू असताना गुगल फोटोज अ‍ॅपमधून फोटो पुसला तर तो ढगातूनही जातो आणि फोनमधूनही. ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो.

जे सॉफ्टवेअरला कळत नाही ते माणसांना विचारावे लागते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर काढलेले एकाच रांगेचे दोन फोटो होते, काही क्षणांच्या अंतराने. यादीत ते सारखे म्हणून आले. एका आजींना दाखवले तर त्या म्हणाल्या, “हा नको काढू रे. ह्यात माझ्या जाऊबाईंचं तोंड दिसतंय, त्या दुसऱ्यात पदर आडवा आलाय.” दोन्ही ठेवले. त्यामुळे महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर लॅपटॉप विहारात नेतो आणि संशयित जोड्या मोठ्या पडद्यावर दाखवतो. निम्मा वेळ ओळखण्यात आणि हसण्यात जातो, जोड्या थोड्याच सुटतात. पण नावे मिळतात, आणि ती त्याच बैठकीत फाइलला जोडून टाकतो.

नवे फोटो घेताना आता देणाऱ्यालाच सांगतो : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. कागदी फोटो असेल तर पाठीमागची बाजूही स्कॅन करा, कडा कापू नका.