धावपट्टी मोकळी आहे का?

नाते गावात विमानतळ नाही, आणि तो होईल असं स्वप्नही कुणाला पडत नाही. महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे निघालं की वाटेत लागणारं हे आमचं गाव. पुस्तकांत त्याचं नाव येतं ते चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव म्हणून. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, तेच. मग अशा गावच्या माणसाने छोट्या विमानाच्या टेकऑफवर लिहायचं कारण काय? कारण आहे, पुढे येईलच.

आधी टेकऑफ म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. समजा सेस्ना १७२ सारखं चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान आहे आणि विमानतळावर कंट्रोल टॉवर आहे. पायलट इंजिन सुरू करून निघाला असं होत नाही. तो रेडिओवर टॅक्सीची परवानगी मागतो. कुठल्या रस्त्याने जायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला सांगितलं जातं, आणि ऐकलेलं तो शब्दशः परत म्हणून दाखवतो. धावपट्टीच्या अलीकडे एक रंगवलेली रेघ असते, तिथे थांबायचं. इंजिन मिनिटाला १७००-१८०० फेऱ्यांपर्यंत चढवून दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासायचे. नुकतंच एखादं जंबो जेट उडालं असेल तर त्याच्या पंखांमागचे भोवरे विरेपर्यंत दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं, नाहीतर छोटं विमान पतंगासारखं गोता खाईल. मग कधी "पट्टीवर येऊन थांबा" असं सांगतात. तेव्हा पट्टीवर यायचं, पण उडायचं नाही! शेवटी टेकऑफची स्पष्ट परवानगी मिळाली की थ्रॉटल पुढे. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेला की नाक उचलायचं. ही शेवटची धाव अर्ध्या मिनिटाची, तिच्या आधीचं बोलणंच जास्त.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच ओळखीचं वाटेल. धावपट्टी म्हणजे एका वेळी एकालाच वापरता येणारी वस्तू. कुलूप एकाकडे, बाकीचे रांगेत. आणि निरोप पोचला याची पोच मिळाल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही. आपल्याकडे चुकलं तर सर्व्हर लटकतो, तिथे माणसं जातात. एवढाच फरक.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. जुहूचं विमानतळ १९२८ चं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला पायलटचं लायसन्स मिळालं, नंबर १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पस मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. टपाल होतं साधारण पंचवीस किलो. विमानात रेडिओ नव्हता. समोरचं मैदान मोकळं आहे की नाही हे मान वाकडी करून स्वतःच बघायचं आणि निघायचं. पावसाळ्यात तर जुहूचं मैदानच पाण्याखाली जाई. म्हणजे अडचण असलीच तर चिखलाची, गर्दीची नाही.

गर्दी झाली तशी देखरेख आली. अमेरिकेत सेंट लुईसला १९२९ साली आर्ची लीग नावाचा माणूस ढकलगाडीवर खुर्ची, छत्री आणि दोन निशाणं घेऊन मैदानाच्या टोकाला बसू लागला. चौकटीचं निशाण म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा. झाला कंट्रोल टॉवर! नंतर दिवे आले, रेडिओ आले. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवायची पद्धत आजही आहे. स्थिर हिरवा म्हणजे उड, स्थिर लाल म्हणजे थांब.

जुहूला गर्दीची झळ वेगळ्याच तऱ्हेने लागली. शेजारीच सांताक्रूझचं मोठं विमानतळ उभं राहिलं. दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखीच, आणि मधलं अंतर दोनेक किलोमीटर. वरून बघणाऱ्याची फसगत होणारच. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते तिथून परत उडवायला सुमारे नऊ दिवस लागले. (त्यानंतर दोनच आठवड्यांत, १ ऑगस्टला, देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हाचे अर्थमंत्री आमच्या नात्याचे!) पुढे २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच जुहूला उतरलं आणि पट्टी संपवून पुढे गेलं. कुणी दगावलं नाही, विमान मात्र कामातून गेलं. जुहूतून छोटं विमान वा हेलिकॉप्टर आपल्या मर्जीने का उडू शकत नाही, याचं उत्तर या शेजारात आहे. डोक्यावरचं आकाश मोठ्या विमानतळाचं आहे, आणि तिकडे काय चाललंय हे कॉकपिटमधून दिसत नाही.

पण नुसती परवानगी असून भागत नाही, ती नीट कळावी लागते. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर आली आणि ५८३ माणसं मेली. केएलएमच्या पायलटला मिळाली होती ती उडाल्यानंतरच्या मार्गाची परवानगी. तिच्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. टेकऑफची परवानगी अजून यायची होती, आणि हा निघाला. टॉवरने थांबायला सांगितलं, तर त्याच क्षणी दुसरं विमानही बोललं आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून नुसती शिट्टी ऐकू आली. तेव्हापासून नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. एका शब्दाला असं सोवळ्यात ठेवण्याची किंमत ५८३ जीव!

हे जुनं झालं म्हणाल, तर २ जानेवारी २०२४ बघा. टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं छोटं विमान नोतोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने त्याला सांगितलं, तुमचा नंबर पहिला, रेघेपर्यंत या. 'नंबर पहिला' ऐकून वैमानिकाला वाटलं, झाली परवानगी. तो पट्टीवर जाऊन थांबला आणि उतरणारं मोठं विमान त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ जण वाचले, छोट्यातले सहापैकी पाच गेले. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. म्हणजे टॉवरही माणसांचाच. त्यानंतर जपानने काही काळ तो शब्दप्रयोगच थांबवला.

आता नात्याच्या माणसाला यात काय, ते सांगतो. जुहूचं विमानतळ झालं त्याच १९२८ साली आमच्या महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला. दोन एसटी, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आणि एक जीप अंधारात सरळ नदीत गेल्या. ड्रायव्हरांचा दोष काय? दिव्याच्या झोतात रस्ता दिसतो तेवढा दिसला, पुढे पूल नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या हे लक्षात आलं आणि त्याने पुढच्या गाड्या थांबवल्या, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्या रात्रीचा आमचा टॉवर म्हणजे तो एकटा माणूस, तोही नेमलेला नव्हे. १६५ दिवसांत नवा पूल झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला, हे चांगलंच झालं. पण मुसळधार पावसात "आता थांबा" म्हणायचा अधिकार आणि जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पूल नवा झाला म्हणून सुटत नाही.

परवानगी म्हटलं की आपल्याला तहसील कचेरीच आठवते. शिक्का, सही, उद्या या. म्हणून ती टाळण्यात आपल्याला हुशारी वाटते. धावपट्टीवरची परवानगी वेगळी आहे. तुला जे दिसत नाही ते मला दिसतंय आणि त्याची जबाबदारी मी घेतो, एवढाच तिचा अर्थ. रेघेवर इंजिन घुरघुरत थांबलेल्या छोट्या विमानाची ती दोन-तीन मिनिटं वाया गेलेली नसतात. कोणीतरी त्याच्यासाठी बघत असतं. विमानांना हे मिळायला जवळपास शंभर वर्षं आणि कितीतरी जीव लागले. एसटीतल्या माणसालाही ते मिळायला हवं की नको?

असो. आषाढात सावित्रीवरून जाल तेव्हा गाडी जरा हळू घ्या.