जिताड्याची पिल्ले : आहार आणि वाढ

जिताडा (लॅटेस कॅल्कॅरिफर) : खाडीत आणि नदीमुखाशी राहणारा मांसाहारी मासा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणच्या खारेपाटातले शेतकरी तो गावतळ्यांत पूर्वापार वाढवत आले आहेत. मासा अंडी घालतो नदीमुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले भरतीबरोबर खाजणात शिरतात आणि पावसाळ्यात तिथून धरून तळ्यात सोडली जातात. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने बंदिस्त नर-माद्यांपासून बीज मिळवले आणि खाडीच्या मर्जीवर राहण्याची सक्ती संपली. प्रश्न उरला तो बीज जगवण्याचा. आणि तो खाद्याच्या वजनापेक्षा पिल्लांच्या आकारातल्या तफावतीचा अधिक आहे.

अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. पहिले दोन दिवस ते पोटाशी असलेल्या पीतकावर निभावते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडते, पण घास तोंडात मावणारा आणि समोर हलणारा हवा : म्हणून आधी रोटिफर हे सूक्ष्म जलचर, मग आठ-दहा दिवसांनी आर्टेमिया या कोळंबीसारख्या जीवाची नुकतीच अंड्यातून फुटलेली पिल्ले. तीन-चार आठवड्यांनी माशांचा खिमा किंवा कोरडे दाणे खायला शिकवावे लागते. ‘शिकवणे’ इथे अक्षरशः घ्यावे. जिताडा नजरेने शिकार करतो. सावकाश बुडणारा दाणा झडप घालून घेतो, तळाशी पडलेल्याकडे सहसा वळत नाही. काही पिल्ले दाणा लगेच ओळखतात, काही उपाशी राहतात, आणि बघता बघता एका हौदात दोन मापांची भावंडे तयार होतात. थोरले मग स्वतःच्या लांबीच्या सुमारे ६० टक्के लांबीचे धाकटे अख्खे गिळते. कधी अंदाज चुकतो. गिळलेल्याचे शेपूट तोंडाबाहेर अडकते आणि दोघेही मरतात.

ही गिळागिळी खाद्य वाढवले की थांबेल, असे म्हटले जाते. पोट भरलेले असले की ती घटते हे खरे. पण जास्तीचे खाद्यही आधी थोरल्यांच्याच तोंडी लागते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी भोकांच्या चाळणीतून पिल्ले मापावारी वेगळी करतात. या हाताळणीने खवले निघतात, पिल्ले दगावतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ते काम रिकाम्या पोटी आणि पाण्याबाहेर न काढता करणे. त्याहून वजनदार आक्षेप खारेपाटाचा : तिथे कोणी चाळणी लावली नाही, तरी जिताडे किलोंनी वाढले. पण त्या तळ्यांत पिल्ले विरळ आणि बारीक मासळी मुबलक. शिवाय हिशेब वाचलेल्यांचाच झाला. वर्षात किलोभर भरलेला मासा जाळ्यात दिसतो, त्याच्या पोटात गेलेली भावंडे दिसत नाहीत. बीज पैसे मोजून आणले की ती दिसू लागतात.

दोन-तीन महिन्यांनी ही गिळागिळी ओसरते, पण दाण्याची सवय पुढेही कामी येते. एक किलो वाढीला दाणे दोन किलोंच्या आसपास पुरतात. फुटकळ मासळी सहा-सात किलो लागते. आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे तळी भरण्याच्या ऐन हंगामात, ती मासळी बंदरावर फारशी येत नाही.