कायम फरोक्त

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेला एक दस्त आहे. 1952 सालचा. वर लिहिलंय, ‘कायम फरोक्त खरेदीखत’. आजोबांना वाटत होतं, आपण ओढ्याकडचं रान गहाण टाकलंय. फरोक्त म्हणजे विक्री, हे अंगठा देताना त्यांना कुणी सांगितलंच नाही. शिवकाळात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी कचेरीतली फारसी काही हटली नाही.

शेतकऱ्याला दोन गहाणं ठाऊक. नजरगहाणात रान आपल्याच ताब्यात राहतं. ताबेगहाणात ते सावकारानं कसायचं आणि पैसे फिटले की परत द्यायचं. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी पैसे उचलले, ताबा दिला आणि ‘पाच वर्सांत पैसं द्या, रान न्या’ असा शब्द घेतला. तो शब्द तोंडीच राहिला. आणि कायद्यात तर 1929 सालीच दुरुस्ती झालेली : रान परत द्यायची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरायचा नाही.

पाच वर्षांनी आजोबा पैसे घेऊन गेले. सावकार म्हणाला, “कसलं गहाण? फेरफार झालाय, सातबाऱ्यावर माझं नाव आहे.” आजोबा तसेच विळा घेऊन रानात गेले आणि सावकारानं पेरलेली ज्वारी कापून घरी आणली.

फिर्याद झाली. पंचनामा झाला. ज्वारी मुद्देमाल म्हणून चावडीत गेली. आजी म्हणायची, “आपल्याच रानातल्या जवारीची चोरी कशी हुईल?” कायदा म्हणतो, उभं पीक जमिनीला धरून आहे तोवर त्याची चोरी होत नाही. विळा लागला की ते जंगम होतं आणि मग चोरी होऊ शकते.

पण चोरीला लबाडीचा हेतू लागतो. हा माणूस मनापासून रान आपलं समजत होता, म्हणून कोर्टानं सोडून दिलं. आजोबांनी तिथंच विचारलं, “मंग आता नांगर कवा घालू?” वकील म्हणाले, “आबा, ही फौजदारी. तुम्ही चोर नाही एवढंच ठरलं. रान कुणाचं, ते दिवाणीत ठरतं.”

दिवाणीत दस्त बोलला. आजोबा हरले.

मागच्या वर्षी थोरल्या भावानं बहिणीपुढं एक कागद ठेवला. “नुसती सही कर, तलाठ्याला लागतीय,” म्हणाला. वर ‘हक्कसोडपत्र’ लिहिलेलं. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “ताई, सही केलीस आणि दस्त नोंदला की वडलांच्या रानातला तुझा वाटा गेला. द्यायचा असंल तर खुशाल दे, पण समजून दे.”

तिनं पेन खाली ठेवलं. भाऊ चार महिने माझ्याशी बोलला नाही. पेटीतला तो जुना दस्त मी त्यालाही वाचायला दिलाय.