चित्रफितींची नक्कल

श्रीज्ञानेश्वरीचें मूळ हस्तलिखित आज कोणापाशींही नाहीं. तरीही ज्ञानेश्वरी आहे. याचें श्रेय पिढ्यान्‌पिढ्या ती उतरून घेणाऱ्या लेखनिकांचें आहे. कागद विरतो, शाई उडते, वाळवी कोणाची भीड धरीत नाहीं. म्हणून पोथी नाहींशी होण्यापूर्वींच तिची नक्कल करावी लागते. नकलांत पाठभेद शिरत गेले, तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. आज मला घरोघरच्या जुन्या व्हिडिओ फितींविषयीं बोलावयाचें आहे. त्या नव्या तबकडीवर उतरविणें हें काम मुळांत या लेखनिकांचेंच होय.

या फितींचा इतिहास फार जुना नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. व्ही. एच. एस. नांवाची कॅसेट जपानांत १९७६ सालीं निघाली. दिल्लीच्या १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलें, आणि पुढील कांहीं वर्षांत व्हिडिओ यंत्रें मध्यम वर्गाच्या घरांत शिरलीं. लग्न, मुंज, बारसें, शाळेचें स्नेहसंमेलन, सारें फितीवर चढूं लागलें. त्यापूर्वीं सामान्य माणसाचें फार तर एखादें छायाचित्र मागें राही. आतां त्याचें चालणें, बोलणें, हसणेंही राहूं लागलें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो खासगी घरांतून मिळालेल्या कागदांवरून. उद्यांच्या संशोधकाचें दप्तर आपल्या कपाटांतील या काळ्या कॅसेटी होत.

परंतु त्या टिकतील काय? अर्धा इंच रुंदीची ही फीत म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी. तीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्यानें बसविलेला असतो. हें द्रव्य हवेंतील ओल शोषून घेतें, मऊ पडतें आणि फीत यंत्रांत चिकटूं लागते. आमचें घोलवड समुद्रकांठचें गांव. चिकूच्या वाड्यांना मानवणारी येथील दमट हवा फितींना मात्र मानवत नाहीं. पावसाळ्यानंतर कपाट उघडावें तों रिळावर पांढरी बुरशी! यंत्रेंही संपत चाललीं आहेत. तीं बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनें २०१६ सालीं तें काम थांबविलें. चुंबकीय फिती उतरवून घेण्याचें काम २०२५ च्या पुढें दुरापास्त होईल, असा इशारा युनेस्कोनें २०१९ सालींच दिला होता. उशिराचें फळ काय, हें आपल्या चित्रपटांनीं दाखविलेंच आहे. १९३१ सालचा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’. त्याची एकही प्रत आज उरलेली नाहीं.

उतरविण्याची कृति कठीण नाहीं. प्रथम कॅसेटच्या कडेची लहान प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तीवर दुसरें मुद्रण होत नाहीं. बुरशी दिसल्यास फीत यंत्रांत घालूं नये. जाणत्याकडून साफ करवावी. मग ती एकदां शेवटपर्यंत पुढें नेऊन परत गुंडाळावी. व्हिडिओ यंत्राच्या तीन तारा, पिवळी चित्राची आणि तांबडी व पांढरी ध्वनीच्या, एका लहान जोडयंत्रामार्फत संगणकास जोडाव्या. घाई येथें चालत नाहीं. तीन तासांच्या फितीस तीन तासच लागतात. पूर्वीं फितीवरून फीत उतरविली कीं दर नकलेस चित्र फिकें होई. अंकांत उतरलेल्या चित्राची शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच असते. पाठभेदाचें भय येथें संपलें. मात्र तबकडीही अमर नव्हे. म्हणून दोन प्रती करून दोन घरीं ठेवाव्या आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां उतराव्या. मूळ फीतही टाकूं नये.

एक गोष्ट मात्र यंत्र उतरवीत नाहीं. पोथीच्या अखेरीस जुना लेखनिक शक, तिथि, स्थळ, आपलें नांव आणि ती कोणासाठीं लिहिली हें नोंदवून ठेवी. त्या चार ओळींवरून संशोधक पोथीचा काळ ठरवितो. आपल्या फितीवर बहुधा ‘लग्न’ एवढेंच लिहिलेलें असतें. पंगतींतले वृद्ध कोण, ओवाळणारी बाई कोणाची कोण, हें सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. आमच्या भागांतील वारली लोकांत धवलेरी गाणीं म्हणून लग्न लावते. असें एखादें लग्न फितीवर असेल, आणि त्या धवलेरीचें नांव व पाडा कोणी लिहून ठेविला नसेल, तर आवाज उरेल आणि बाई हरवेल.

म्हणून फीत उतरत असतां ते तीन तास वायां दवडूं नयेत. घरांतील सर्वांत वडील माणसास शेजारीं बसवावें, वही घ्यावी, आणि एकेका चेहऱ्याचें नांव, नातें, गांव व साल विचारून लिहून काढावें. तो कागद तबकडीबरोबर ठेवावा व खालीं आपलें नांव आणि तारीख घालावी. फिकें झालेलें चित्र उद्यां एखादा कुशल कारागीर सुधारील; नांवें मात्र ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडूनच, आणि ते आहेत तोंवरच, मिळतील.