कट्यार कुणाची?

आमच्या घरी अब्बांच्या लोखंडी पेटीत एक जुनी कट्यार आहे. लहानपणी ईदला येणारा प्रत्येक पाहुणा ती हातात घेई आणि निकाल देऊन टाकी. कुणी म्हणे, ‘आदिलशाही दिसते.’ शेजारचे काका म्हणत, ‘छे, अस्सल मराठा!’ सोलापूर हे सीमेवरचं गाव. इथल्या भुईकोट किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. त्यामुळं दोन्ही निकाल खरे वाटत. पण सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच असे : तुमची की आमची?

पुढं संग्रहालयं पाहत हिंडलो, जाणकारांशी बोललो, तेव्हा कळलं की कट्यारीला आधी दुसरंच विचारायचं असतं : तू घडलीस कशी?

पहिल्यांदा मूठ पाहावी. कट्यारीची मूठ शिडीसारखी असते. दोन बाजूंना दोन दांड्या, मध्ये आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्या मुठीत धरून सरळ ठोसा मारायचा. हाताची पाठ झाकणारं, पानासारखं वळवलेलं लोखंडी कवच असेल, तर ती घडण दक्षिणेची, विजयनगर-तंजावरच्या परंपरेतली. बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकातली. नंतरच्या काळात हे कवच गेलं आणि उघडी मूठ रूढ झाली.

मग पातं. ते मुठीला खिळे ठोकून जोडलेलं असेल आणि अरुंद, लांब खोबणीचं असेल, तर मूळचं युरोपी तलवारीचं असण्याची शक्यता मोठी. फिरंगी पात्यांना दख्खनमध्ये मान होता. मोडलेल्या तलवारीचा तुकडाही कारागीर वाया घालवत नसत. टोक जाड असेल, तर ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. सोन्याची नक्षी भरपूर आणि धार बेताची असेल, तर तो एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी घडवलेला नगही असू शकतो.

आणि अक्षरं? ती तर सर्वांत फसवी. बिकानेरचे महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूनं दख्खनमध्ये लढत होते. १६८९च्या सुमारास अदोनीच्या किल्ल्यातली शस्त्रं त्यांनी बिकानेरला नेली. हा किल्ला पूर्वी आदिलशाहीतला. बिकानेरच्या शस्त्रागारात त्या शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी अक्षरं ठोकली गेली. म्हणजे घडण दख्खनी, जुना धनी मुसलमान, नवा धनी राजपूत. शस्त्र कुणाच्या कोठारात गेलं, एवढंच ती अक्षरं सांगतात. कुणी घडवलं ते नाही. पण शस्त्र त्या सालाच्या आधीचं, हे मात्र पक्कं ठरतं.

हे कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या कट्यारीच्या दांडीवरही काही ठिपके होते. विशीत असताना गंज समजून मी ते पॉलिश पेपरनं घासून काढले होते. कट्यार चकचकीत झाली, आणि कदाचित मुकीही.

आता कुणी विचारलं, तर मी सांगतो : पातं समुद्रापलीकडचं दिसतं, मूठ इकडची, पेटी सोलापूरची. ठिपके काय म्हणत होते ते विचारू नका. ते मीच पुसले. तुमच्या घरी असं काही असेल, तर घासू नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, जाणकाराला दाखवा. आपलं की त्यांचं, हे ठरवण्याची घाई झाली, की हात आपोआप पॉलिश पेपरकडं जातो.